दूरचा डॉक्टर, जवळचा हात

महाडहून भोरकडे निघालेला रस्ता बिरवाडीचा कारखान्यांचा पट्टा मागे टाकून वरंधला येतो आणि पुढे माझेरीपासून घाट चढू लागतो. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना, आणि तिकडे पोलादपूरच्या बाजूला सावित्री, ढवळी, कामथीच्या खोऱ्यांत, गाव म्हणजे एका जागी वसलेली वस्ती नसते. गाव एक आणि त्याच्या वाड्या चहूकडे विखुरलेल्या: कुठली ओढ्यापलीकडे, कुठली डोंगराच्या खांद्यावर. कर्ती माणसे मुंबई-पुण्यात, मागे म्हातारी माणसे, बायका आणि शाळकरी पोरे. जिल्हा रुग्णालय अलिबागला, शंभराहून अधिक किलोमीटरवर. 2020 साली कोरोनाची साथ आली, एसटी थांबली आणि दवाखान्यात जाणेच धोक्याचे वाटू लागले, तेव्हा मोबाइलवरून उपचार घ्या असे सगळीकडून सांगितले जाऊ लागले. या सल्ल्यात तथ्य किती आणि स्वप्नरंजन किती, हे पुढची साथ येण्याआधी नीट तपासायला हवे. मला दिसते ते असे. डोंगरातल्या माणसाला साथीच्या काळात मोबाइलचा सर्वांत मोठा उपयोग म्हणजे कोणाला खाली न्यायचे, कोणाला घरीच ठेवायचे आणि कोणाला उद्यापर्यंत थांबवून चालणार नाही, हे वेळेत ठरवणे. त्यासाठी घरोघरी स्मार्टफोन लागत नाही. वाडीतल्या एका जाणत्या हातात तो असावा, कोणत्या खुणा बघायच्या हे त्या व्यक्तीला पक्के ठाऊक असावे, आणि पलीकडे निर्णयाची जबाबदारी घेणारा डॉक्टर असावा.

ही 'ठरवण्याची' गोष्ट इतकी महत्त्वाची का, हे कोरोनाच्या स्वभावातच आहे. बहुतेकांना हा आजार ताप, खोकला, अंगदुखी एवढ्यावर सोडून देई. थोड्यांची मात्र आठवड्याच्या आसपास अचानक घसरण होई, आणि त्यातल्या काहींना रक्तातला प्राणवायू कमी होऊनही धाप लागलेली जाणवत नसे. माणूस बोलतोय, चहा पितोय, आणि आतून फुप्फुसे हरत चालली आहेत. महाड शहरात राहणाऱ्याला अशा वेळी दोन-चार तासांची चूक पचली असती. घाटाच्या पायथ्याच्या वाडीत तसे नाही. तिथून रुग्ण खाली आणायचा म्हणजे आधी डांबरी रस्त्यापर्यंत डोलीत किंवा खुर्चीवर बसवून आणणे, मग 108 च्या रुग्णवाहिकेची वाट पाहणे किंवा भाड्याची जीप ठरवणे. प्रत्येक तापकऱ्याला असे आणले तर माणसे थकतात, पैसे संपतात आणि रुग्णालयात आजार नसलेल्यालाही आजार लागतो. कोणालाच आणले नाही तर मरू नये असा माणूस मरतो. मधला मार्ग एकच, रोज प्रत्येकाची विचारपूस आणि बिघाडाची पहिली खूण दिसताच हालचाल. ही विचारपूस दूरवरून करता येते. मोबाइलचे बळ इथे आहे.

या विचाराला महाड तालुक्यातच एक जुना, भक्कम आधार आहे, आणि तो मोबाइलच्या कितीतरी आधीचा आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976 साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा कोकणातला लाल विंचू चावला म्हणजे घरच्यांनी आशा सोडायची अशी स्थिती होती. दाखल झालेल्यांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास माणसे दगावत. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून खुणा टिपल्या: उलटी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, तोंडाला सुटणारी लाळ. या खुणा दिसल्या की पुढे हृदयावर संकट येणार, हे त्यांनी ओळखले आणि 1982 साली 'लॅन्सेट' या जगविख्यात वैद्यकीय नियतकालिकात मांडले. पुढे प्राझोसिन नावाची, रक्तदाबासाठी वापरली जाणारी स्वस्त गोळी या विषाच्या परिणामावर चालते हे त्यांनी दाखवले. मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या घरात आले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाचा आणि विषाणूचा संबंध नाही, पण उपचार दूरवर पोहोचतो कसा, याचा धडा इथे आहे. मुंबईचा हृदयरोगतज्ज्ञ वाडीत आला म्हणून माणसे वाचली नाहीत. नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या चार खुणा ठरल्या, त्या दिसल्यावर काय करायचे हे ठरले, आणि गोळी जवळच्या केंद्रात ठेवली गेली. ज्ञान, औषध आणि हात ही तिन्ही रुग्णाजवळ आली. फोन यातल्या फक्त पहिल्या गोष्टीची वाहतूक करतो. उरलेल्या दोन जागेवर नसतील तर फोनवरचा उत्तम सल्लाही हवेत विरतो.

डॉक्टरांनी फोनवर उपचार करावेत का, हा प्रश्न साथीआधी कायद्याच्या धुक्यात अडकला होता, आणि त्या धुक्याचा उगमही कोकणातच होता. रत्नागिरीत बाळंतपणानंतर एका महिलेचा मृत्यू झाला. डॉक्टर गावात नसताना फोनवरून औषधे दिली गेली, असा आरोप होता. 2018 साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या प्रकरणात संबंधित डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर राज्यभरचे डॉक्टर फोनवर साधी गोळी सांगायलाही कचरू लागले. ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. समोर नसलेल्या रुग्णाची जबाबदारी किती आणि कशी, हे कुठेच लिहिलेले नव्हते. टाळेबंदी लागली त्याच दिवशी, 25 मार्च 2020 रोजी, दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे देशात जाहीर झाली. आवाजी कॉल, व्हिडिओ आणि लेखी संदेश या तिन्ही मार्गांना मान्यता मिळाली. पहिल्याच भेटीत फोनवर कोणती औषधे देता येतील, कोणती व्हिडिओवर पाहिल्यावरच, आणि कोणती मुळीच नाहीत, याच्या याद्या आल्या. याच तत्त्वांमध्ये आरोग्य कर्मचाऱ्याने रुग्णाजवळ बसून डॉक्टरांशी बोलण्याची वेगळी तरतूद आहे. चर्चा व्हिडिओची झाली आणि ही तरतूद मागे पडली, याचे मला वाईट वाटते, कारण वरंधसारख्या भागाच्या उपयोगाचे जे काही होते ते तिथेच होते.

व्हिडिओविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. चेहरा दिसला की डॉक्टरला जास्त कळते, ही समजूत स्वाभाविक आहे. पण साथ सुरू होताच, मार्च 2020 मध्ये, ब्रिटनमधल्या ट्रिशा ग्रीनहाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोरोनाच्या रुग्णाला दूरवरून कसे तपासावे यावर 'बीएमजे'मध्ये जे लिहिले, त्यात सौम्य आजारासाठी साधा फोन पुरतो आणि रुग्ण जास्त आजारी किंवा घाबरलेला असेल तेव्हा व्हिडिओची भर पडते, असेच मत होते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयांनी घरी राहिलेल्या हजारो रुग्णांवर लक्ष ठेवले ते दिवसातून दोनदा जाणाऱ्या साध्या मेसेजवर: कालपेक्षा बरे वाटते की वाईट, धाप वाढली का? उत्तर चिंतेचे आले की नर्सचा फोन जाई. ना ॲप, ना व्हिडिओ. आकडेमोड केली तरी तेच दिसते. साध्या कॉलमधल्या आवाजाला सेकंदाला बारा किलोबिटच्या आसपास वाट पुरते. व्हिडिओला त्याच्या कित्येक पट लागते. दरीतल्या वाडीत जिथे रेंज एखाद्या आंब्याखाली किंवा देवळाच्या जोत्यावरच येते, तिथे तापाने फणफणलेल्याला त्या जागी नेऊन व्हिडिओ लावण्यापेक्षा निरोगी माणसाने आकडे लिहून न्यावेत आणि कॉल करावा, हेच शहाणपणाचे.

पण कोणते आकडे? इथे यंत्राचा प्रश्न येतो, आणि या प्रश्नावर साथीच्या काळात बरीच फसगत झाली. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवा, ॲप प्राणवायूचे प्रमाण सांगेल, असे दावे करणारी ॲप्स घरोघर पोहोचली. ऑक्सिमीटर कसा चालतो हे पाहिले की त्यांच्यावर विसंबणे का चुकीचे ते कळते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर दोन प्रकारचा प्रकाश बोटातून आरपार सोडतो, एक लाल, सुमारे 660 नॅनोमीटरचा, आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, सुमारे 940 चा. प्राणवायू वाहणारे रक्त आणि रिते रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर हा फरक हलतो आणि त्यावरून आकडा निघतो. ही युक्ती जपानचे ताकुओ आओयागी यांनी 1974 साली मांडली. त्यांचे निधन 18 एप्रिल 2020 रोजी झाले, सारे जग त्यांच्या यंत्रासाठी धावत असतानाच. फोनच्या कॅमेऱ्याशेजारचा दिवा मात्र पांढरा असतो आणि कॅमेऱ्यासमोर अवरक्त प्रकाश गाळणारी काच असते. म्हणजे दोन साक्षीदारांपैकी एक न्यायालयात येतच नाही. 2022 साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी विशेष पद्धतीने कॅमेऱ्यावरून प्रमाण काढून दाखवले, पण ते सहा व्यक्तींवर, आणि कमी प्राणवायू ओळखण्यात ते ऐंशी टक्के वेळा बरोबर ठरले. संशोधन म्हणून हे आशादायक आहे. घाटातल्या आजीला उतरवायचे की नाही, हे त्यावर ठरवणे मला मान्य नाही.

खरा ऑक्सिमीटरही जाणत्या हाताशिवाय फसवतो. जुलैचे दिवस, लावणी चालू, बाई नुकतीच खाचरातून आली आहे. बोटे पाण्याने सुरकुतलेली आणि गार, नखांत चिखल, एखाद्या नखावर सणाची मेंदी किंवा नेलपॉलिश. यंत्र लावल्या लावल्या 88 दाखवते. घरचे घाबरतात. ज्या आशाताईला (गावातल्या आशा आरोग्य कार्यकर्तीला) शिकवलेले आहे ती आधी हात पुसते, तळव्यात धरून चोळून ऊब आणते, बाईला बसवून पाच मिनिटे शांत राहू देते, मग मधल्या बोटाला यंत्र लावून आकडा स्थिर होईपर्यंत थांबते. 96. मग ओटीवर सहा मिनिटे चालायला लावते आणि पुन्हा बघते. आकडा 93 च्या खाली गेला किंवा आधीच्यापेक्षा तीनहून अधिकने घसरला, तर आत्ता बरी दिसणारी ही बाई आज रात्री बरी राहीलच याची खात्री नाही. त्याच वेळी ती छातीकडे बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजते, पण तसे सांगत नाही, कारण मोजतोय म्हटले की माणूस श्वास बदलतो. हे सगळे व्हिडिओवरच्या डॉक्टरला करता येत नाही. आशाताईने केले तर मात्र पलीकडच्या डॉक्टरला तीन आकडे आणि एक वाक्य पुरते. 15 सप्टेंबर 2020 पासून राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली, तेव्हा पथके घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजत होती. वाडीवाडीत यंत्र पोहोचू शकते हे तेव्हा सिद्ध झाले. मोहीम संपल्यावर ते यंत्र, ती सवय आणि पलीकडचा ठरलेला डॉक्टर टिकवणे, हे पुढचे काम होते.

इथे एक आक्षेप शास्त्रातूनच येतो आणि तो टाळता येणार नाही. त्याच पेनसिल्व्हेनियाच्या संशोधकांनी 2097 रुग्णांवर चाचणी घेतली. निम्म्यांना नुसते धापेविषयी विचारले, निम्म्यांना ऑक्सिमीटरही दिला. एप्रिल 2022 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निष्कर्ष आला: ऑक्सिमीटर दिल्याने रुग्णांचे रुग्णालयाबाहेरचे, जिवंत दिवस वाढले नाहीत. मग वाडीत यंत्र कशाला? याचे माझे उत्तर अंतराशी निगडित आहे. फिलाडेल्फियात धाप लागली की रुग्ण थोड्याच वेळात रुग्णालयात असतो, म्हणून आकड्याने दिलेली आगाऊ सूचना तिथे वाया जाते. जिथे डोली, जीप आणि बंद पडलेला घाट यांत अर्धा दिवस जातो, तिथे धाप लागण्याच्या आधी मिळालेले काही तास हेच औषध असते. हा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही, हे मान्य. पण त्या चाचणीतून घेण्याजोगी मोठी गोष्ट वेगळीच आहे: नियमित विचारणे आणि उत्तरावर लगेच हलणे यानेच बरेचसे काम होते.

आकडा हवा असण्याचे दुसरे कारण औषधांत आहे. दुसऱ्या लाटेत, 2021 च्या एप्रिल-मे मध्ये, व्हॉट्सॲपवर औषधांच्या चिठ्ठ्या फिरत होत्या. मुंबईतल्या पुतण्याला डॉक्टरने दिलेली चिठ्ठी गावातल्या काकाला पुढे पाठवली जाई आणि मेडिकलवाला त्या फोटोवर गोळ्या देई. त्यात स्टेरॉइड असे. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड कोरोनात जीव वाचवते हे ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीने जून 2020 मध्येच दाखवले होते: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, नुसता प्राणवायू लागणाऱ्यांचे एक पंचमांशाने. ज्यांना प्राणवायू लागत नव्हता त्यांना मात्र फायदा झाला नाही, उलट अपायाची शंका दिसली. मधुमेह असलेल्याला ते विनाकारण दिले की साखर चढते आणि काळ्या बुरशीचे दार उघडते. तेच औषध, त्याच आजारात, एकाला तारक आणि दुसऱ्याला मारक, आणि दोघांना वेगळे करणारी गोष्ट म्हणजे बोटावरचा तो आकडा. स्मार्टफोनमुळे अपाय होतो असे म्हणणाऱ्यांचा रोख या चिठ्ठ्यांवर असेल तर मी त्यांच्याशी सहमत आहे. त्यावर तोड म्हणजे रुग्णाची ओळख पटवून, आजचे आकडे विचारून, स्वतःच्या नोंदणी क्रमांकासह चिठ्ठी देणारा डॉक्टर त्याच फोनवर सहज मिळणे. असा डॉक्टर न मिळाल्यामुळेच लोक फोटोवर विसंबले.

सर्वांत वजनदार आक्षेप फोन कोणाच्या हातात आहे, हा. 2019 ते 2021 दरम्यान झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या फक्त एक तृतीयांश स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरले होते; पुरुषांत हे प्रमाण 57 टक्के. ज्या खोऱ्यांत मागे राहिलेल्यांत बायका आणि वृद्धच जास्त, तिथे घरोघरच्या स्मार्टफोनवर उभारलेली व्यवस्था नेमक्या त्यांनाच वगळणार. पण याच आक्षेपाचे उत्तर 'ई-संजीवनी' या सरकारी सेवेच्या आकड्यांत आहे. ही सेवा दोन रीतींनी चालते. एकीत रुग्ण स्वतःच्या फोनवरून डॉक्टरला गाठतो. ती 13 एप्रिल 2020 पासून सुरू झाली. दुसरीत रुग्ण उपकेंद्रात जातो आणि तिथली आरोग्य अधिकारी त्याला डॉक्टरशी जोडून देते. फेब्रुवारी 2023 मध्ये या सेवेने दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला तेव्हा त्यातले बहुसंख्य सल्ले दुसऱ्या रीतीने झालेले होते, आणि लाभार्थींमध्ये स्त्रिया 57 टक्क्यांहून अधिक होत्या. इंटरनेट वापरणाऱ्यांत ज्या मागे, त्या इथे पुढे. मध्ये एक माणूस उभा राहिला की हातातल्या फोनचा प्रश्न मागे पडतो, याहून ठळक पुरावा मला दुसरा दिसत नाही.

दुसरा आक्षेप या भूमीचा आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि जिल्ह्यात ठिकठिकाणी वीज आणि मोबाइल दोन्ही गेले. 22 जुलै 2021 रोजी महाड पाण्याखाली गेले, त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली, पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी आल्या. संपर्क तुटलेला असल्याने मदत पोहोचायला उशीर झाला. साथ आणि पाऊस एकत्र येतात तेव्हा फोन मरतो. यावर फोनपुरते उत्तर अर्धेच आहे. टॉवरच्या बॅटऱ्या आणि डिझेलची सोय पावसाआधी तपासता येते. जिथे नेट नाही तिथे बऱ्याचदा साधा मेसेज जातो, फक्त देवनागरीत एका मेसेजमध्ये सत्तरच अक्षरे मावतात, म्हणून वय, दिवस, ताप, प्राणवायू आणि श्वास यांचा ठरलेला क्रम आधीच हवा. बोलून ठेवलेला निरोप रेंजमध्ये आल्यावर आपोआप जाऊ शकतो. उरलेले अर्धे उत्तर बिरवाडीच्या गोळीचे आहे: संपर्क तुटला तरी कोणत्या आकड्याला काय करायचे, हे आशाताईच्या कागदावर लिहिलेले असावे आणि पहिल्या दिवसाची औषधे, शक्य तिथे प्राणवायूचे यंत्र, घाट बंद होण्याआधी वर पोहोचलेले असावे. पाच माणसांनी डोली उचलायची वेळ कोणती, हे ठरवायला त्या दिवशी डॉक्टरची परवानगी लागू नये.

या मांडणीत सगळा भार आशाताईवर येतो, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. शिवाय ती त्याच गावची. कोणाच्या घरी आजार आहे हे तिला कळते, आणि 2020 मध्ये मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांकडे, बाधितांच्या घरांकडे गावाने कोणत्या नजरेने पाहिले हे आठवले तर ही भीती पोकळ नाही. स्पीकर लावून ओटीवर झालेले बोलणे शेजारी ऐकतो, आणि पाळीची किंवा गर्भाची तक्रार सांगायची बाई गप्प बसते. म्हणून नोंदीत नाव न घालता क्रमांक, बोलताना कानाला फोन, आणि बाईने मागितले तर आतली खोली, एवढे तरी नेमून दिलेले हवे. भाराचे म्हणाल तर जून 2021 मध्ये, दुसरी लाट ओसरत असताना, राज्यातल्या आशा संपावर गेल्या आणि शासनाने दरमहा एक हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता मान्य केला. ज्या बाईच्या आकड्यावर तज्ज्ञ डॉक्टर निर्णय घेणार, तिचे काम मोबदल्याच्या हिशेबात अजून 'स्वयंसेवा' म्हणून मोडते. तिच्या फोनचा रिचार्ज, तिच्या ऑक्सिमीटरचे सेल, चिखलातून दुसऱ्या वाडीपर्यंतची तिची फेरी, हे सारे तिच्याच पदरचे जाऊ लागले तर तिसऱ्या आठवड्यात आकडे येणे बंद होईल, आणि डॉक्टरकडे कितीही चांगला फोन असला तरी त्याला विचारायला कोणी उरणार नाही. तालुक्याच्या आरोग्य आराखड्यात व्हिडिओच्या यंत्रणेआधी या तीन खर्चांची ओळ हवी, आणि ती पावसाळ्याच्या आधी मंजूर झालेली हवी.